वॉकवेची भिंत रंगवताय? ब्रश सगळ्यात शेवटी उचला

दर जानेवारीत मला कुठल्या तरी कॉलेजातून एक फोन येतोच. "सर, शनिवार-रविवार पन्नास पोरं येतायत, रंग आणून ठेवलाय, फक्त काय काढायचं तेवढं सांगा." मी विचारतो, भिंतीला ओल आहे का? मागच्या बाजूला काय आहे, बाग की बाथरूम? आधीचा रंग कोणता? पलीकडे शांतता. त्याच नंबरावरून दुसरा फोन जुलैत येतो: रंगाला फोड आलेत, मोराची मान गळून पडलीय.

चित्र वाईट होतं म्हणून भिंत वाया गेली, असं मी फार कमी वेळा पाहिलंय. भिंत तयार नव्हती, किंवा वीस जणांनी वीस डब्यांत वीस प्रकारचे निळे कालवले, म्हणून वाया गेलेल्या भिंती मात्र पुष्कळ. त्यामुळे या लेखात चित्रकला कमी आणि भिंत, बादली, वेळापत्रक जास्त आहे. हिशेबासाठी लायब्ररीकडून कँटीनकडे जाणाऱ्या वॉकवेची ६० फूट लांब, ७ फूट उंच, सिमेंट प्लास्टरची भिंत धरू. म्हणजे ४२० चौरस फूट. तुमची भिंत लहान-मोठी असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

## टप्पा १: परवानगी, आणि तीही कागदावर

प्राचार्य जिन्यात भेटले आणि "करा की" म्हणाले, ही परवानगी नव्हे. पत्र लिहा. त्यात भिंतीचा फोटो, कामाच्या तारखा, पाणी आणि वीज कुठून घेणार, सोबत कोण शिक्षक असणार, हे सगळं येऊ द्या. चित्र अजून ठरलेलं नसेल तर अंतिम आराखडा नंतर जोडू, असं लिहा आणि खरोखर जोडा.

दुसरी सही बांधकाम किंवा इस्टेट विभागाची. त्यांना एकच प्रश्न विचारा: पुढच्या दोन वर्षांत या भिंतीतून काही जाणार आहे का? एका कॉलेजात आमचं चित्र पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी आगीच्या पाण्याची लाल पाइपलाइन चित्राच्या बरोब्बर मधून आडवी गेली. चूक त्यांची नव्हती. काम आधीच मंजूर होतं, आम्ही विचारलंच नव्हतं.

चित्र पुढे कधी पुसायचं आणि कोणाला विचारून, हेही पत्रात आत्ताच लिहून टाका. हा प्रश्न हवेतला नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं म्यूरल (भिंतीवरचं मोठं शिल्प) १९७९ मध्ये उतरवलं गेलं. ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सहगल यांच्या बाजूने निकाल देऊन पाच लाखांची भरपाई द्यायला लावली. तुमच्या भिंतीवरून कोणी कोर्टात जाणार नाही, पण तिसऱ्या वर्षाची मुलं पास होऊन गेल्यावर "आमचं चित्र न विचारता पुसलं" अशी कटुता दरवर्षी कुठे ना कुठे होते. दोन ओळींत ती टळते.

सावधान: भिंत रस्त्यावरून दिसत असेल तर महानगरपालिकेकडेही विचारा. तिथे महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा, १९९५ लक्षात ठेवावा लागतो. आणि भिंत उघड्या काळ्या दगडाची असेल तर विषय तिथेच सोडा, दुसरी भिंत शोधा. दगडाच्या छिद्रांत बसलेला रंग पुन्हा निघत नाही. इमारत वारसा यादीत असली तर हात लावायचा प्रश्नच नाही.

## टप्पा २: भिंतीची तपासणी

याला एक दिवस लागतो, पैसे जवळपास लागत नाहीत, आणि नव्वद टक्के लोक हाच टप्पा वगळतात.

ओल. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस-एक रात्र तसाच राहू द्या. तुकडे निदान तीन ठिकाणी लावा: जमिनीलगत, मध्ये, आणि जिथे भिंतीचा रंग उगाच गडद दिसतो तिथे. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब असले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या अंगाला असले तर ते दव, काळजी नको.

ओल सापडली की रंगारी "वॉटरप्रूफिंगचा एक हात मारू, होऊन जाईल" म्हणतो. समोरून काहीही मारलं तरी मागून येणारं पाणी थांबत नाही. ते समोरचा थर ढकलतं, फोड येतात ते असेच. मागची कुंड्यांची रांग हलवा, गळका नळ दुरुस्त करा, भिंतीच्या माथ्यावरचे तडे बुजवा, आणि भिंतीला दोन-तीन आठवडे वाळू द्या. तेही शक्य नसेल तर तेवढा भाग चित्राबाहेर ठेवा.

लोणा. भिंतीवर कापसासारखी पांढरी पूड दिसते. तिच्यावर पाण्याचा हात फिरवा. दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत आली तर तो क्षार, लोणा. डाग हिरवा-काळा आणि बुळबुळीत असेल तर शेवाळ. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत, ते टप्पा ६ मध्ये.

भुकटी. तळहात भिंतीवर दाबून फिरवा. हात पांढरा झाला तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. मग चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्याने ओढा. पट्टीसोबत पापुद्रा आला तर तुमचा रंगही एक दिवस असाच येणार, कारण वरचा रंग कितीही महाग असला तरी तो खालच्या चुन्याला धरून उभा असतो.

नवं प्लास्टर. नव्या इमारतीत उत्साह जास्त असतो. प्लास्टरला निदान २८ दिवस होऊ द्या, आणि त्यानंतरही प्लास्टिकची चाचणी कराच. कच्च्या सिमेंटमधला अल्कली रंग फिका पाडतो.

सावधान: भिंतीला जुना ऑइल पेंट असेल तर कोरडं घासू नका. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम भारतात २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या थरात किती आहे ते डोळ्यांना दिसत नाही. भिंत ओली करून घासा, मास्क लावा, आणि हे काम पहिल्या वर्षाच्या मुलांना देऊ नका.

## टप्पा ३: तारखा उलट्या मोजा

उद्घाटनाची तारीख ठरली की तिथून मागे या. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची टीम सोमवारी येणार म्हणून शुक्रवारी भिंत हातात घेणाऱ्यांनी खरं तर कुंड्या आणाव्यात.

आपल्या भिंतीला लागणारा वेळ असा: तपासणी आणि दुरुस्ती १ ते ३ आठवडे, चित्र ठरवणं २ आठवडे (हे दोन्ही एकाच वेळी चालू शकतं), भिंत घासणं, प्रायमर (रंग भिंतीला धरून ठेवणारा थर) आणि पायाचा रंग ४ दिवस, आखणी १ दिवस, रंगकाम ५ ते ६ दिवस, वाळणं ४ दिवस, क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) १ दिवस. सहा आठवडे हातात धरा.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोकणात आणि घाटाजवळ डिसेंबर उजाडू द्या, भिंती उशिरा वाळतात. पावसाळा बाद. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर सकाळी सात ते दहा. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत संध्याकाळीही तापलेली असते. तिच्यावर तळहात ठेवा, दहा आकडे मोजेपर्यंत ठेववत नसेल तर त्या दिवशी रंग लावू नका. तापलेल्या भिंतीवर रंग भिंतीला धरण्याआधीच वरून वाळतो आणि ब्रशचे फटके दिसत राहतात.

परीक्षेचं वेळापत्रक आणि एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिर हेही आधी पाहून घ्या. एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यामुळे हजेरीपत्रक पहिल्या दिवसापासून ठेवा. शेवटी आठवून तास लिहायला बसलं की भांडणं होतात.

## टप्पा ४: चित्र ठरवणं

सगळ्यांचा सहभाग म्हणजे प्रत्येकाला तीन-तीन फूट वाटून देणं, हा समज मोडा. त्याने गोधडी होते. गोधडीत निदान धावदोरा तरी एक असतो, या भिंतीत तोही नसतो. कल्पना सगळ्यांकडून घ्या, आराखडा तीन-चार जणांनी करा, रंगवायला पुन्हा सगळ्यांनी या.

कल्पना घेताना त्या भिंतीसमोर दिवसभर असणाऱ्यांना विसरू नका: सिक्युरिटीचे काका, झाडणाऱ्या मावशी, कँटीनवाले. पाणी कुठे साचतं, पोरं कुठे पाय लावून टेकतात, गाड्या कुठे घासतात, हे त्यांना नेमकं माहीत असतं. एका मावशींनी आम्हाला सांगितलं होतं, "इथं चेहरा काढू नका, इथं सगळे थुंकतात." चेहरा चार फूट सरकवला.

वॉकवेची भिंत कोणी समोर उभं राहून पाहत नाही. चालता चालता, तिरकी, सात-आठ फुटांवरून दिसते. साठ फुटांचं एकच मोठं दृश्य तिथे कोणालाच पूर्ण दिसणार नाही. सहा ते आठ फुटांत एक गोष्ट पुरी व्हावी आणि पुढची तिला जोडलेली असावी, म्हणजे वाट, नदी, दोरी, मुंग्यांची रांग, काहीही, पण एक धागा लांबपर्यंत जाऊ द्या. महत्त्वाचं सगळं जमिनीपासून तीन ते सहा फुटांत ठेवा. खालच्या दीड फुटात पावसाचे शिंतोडे, चिखल आणि पिचकाऱ्या येणार. तिथे गडद तपकिरी किंवा गेरूच्या रंगाचा सलग पट्टा द्या. एसटी स्टँडच्या भिंतींचा खालचा भाग गडद का असतो, ते आठवा.

दोन गोष्टी मी सरळ नाही म्हणतो. एक, महापुरुषांचे चेहरे नवशिक्यांनी काढणं. नाक अर्धा इंच चुकलं तरी वाद होतो आणि तो रास्त असतो. चेहरा हवाच असेल तर तेवढा भाग मुरलेल्या कलाकाराला द्या. दोन, मोबाइलवरून उतरवलेली वारली. गोल, त्रिकोण, काडीचे हातपाय, झालं चित्र, असं ते नाही. लग्नात सुवासिनी जो चौक लिहितात त्यात पालघाट देवी असते, त्याला विधीचा अर्थ आहे. तो चौक शोभेची चौकट म्हणून उचलू नका. पालघर-डहाणूकडचा कलाकार दोन दिवस बोलवा, मानधन द्या, आणि मुलांना त्याच्या हाताखाली काम करू द्या.

तपासून बघा: अंतिम आराखडा एक फुटाला एक इंच या मापात आहे ना? म्हणजे ६० इंच लांब, ७ इंच उंच पट्टी. रंग आठपेक्षा जास्त नाहीत ना? प्रत्येक रंगाला क्रमांक दिलाय ना?

## टप्पा ५: सामानाचा हिशेब

रंग एकच प्रकारचा: बाहेरच्या भिंतीचा, पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक इमल्शन. पोस्टर कलर पहिल्या पावसात उतरतो, घरातल्या भिंतीचा इमल्शन उन्हात भुकटी होतो. फ्लुरोसंट रंग दुकानात डोळे दिपवतात आणि उन्हात काही महिन्यांत मरतात. गेरूच्या जातीचे, मातकट रंग सगळ्यात जास्त टिकतात.

बाहेरच्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना (थरांना) साधारण ५० ते ६० चौरस फूट पुरतो. आपल्या ४२० फुटांना:

- प्रायमर, बाहेरच्या भिंतीचा, पाण्यात मिसळणारा: ४ ते ५ लिटर
- पायाचा फिका रंग, दोन हात: १० लिटरची एक बादली
- मोठ्या भागांचे दोन रंग: ४-४ लिटर
- बाकीचे सहा रंग: १-१ लिटर

पिवळा आणि लाल जरा जास्त धरा. ते खालचं झाकत नाहीत, तीन हात लागतात.

गडद रंग पांढऱ्यात स्टेनर (छटा आणायला घालायचा बाटलीतला दाट रंग) ओतून करायला जाऊ नका. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त स्टेनर गेला की रंग चिकट राहतो आणि ओल्या बोटाला लागतो. गडद छटा दुकानातल्या मशीनवर करून घ्या, डब्यावरचा शेड नंबर वहीत लिहा, झाकणाचा फोटो काढा.

ब्रश एक, दोन आणि तीन इंची, बारकाईसाठी चपटे आणि गोल, चार इंची रोलर. स्वस्त ब्रशचे केस गळतात आणि रंगात चिकटून बसतात, म्हणून नवा ब्रश आधी पाण्यात भिजवून, झटकून, सुटे केस ओढून काढा. जमिनीवर अंथरायला जुने फ्लेक्स मागून आणा, वाढदिवसांच्या कृपेने ते मुबलक असतात. गुळगुळीत छापील बाजू खाली ठेवा, नाहीतर ओलं झाल्यावर पाय घसरतो. पेव्हर ब्लॉकवर सांडलेला रंग निघत नाही आणि त्याची तक्रार मात्र वर्षभर चालते.

## टप्पा ६: भिंत तयार करणं

क्रम हा असाच: सुटलेला रंग पत्र्याने खरवडा, वायर ब्रश मारा, लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. लोणा पाण्याने धुतला तर विरघळून परत भिंतीत जातो. शेवाळावर ब्लिचिंग पावडरचं पाणी मारून रात्रभर ठेवा, मग घासून भरपूर पाण्याने धुवा आणि दोन दिवस पूर्ण वाळू द्या.

सावधान: ब्लिचिंग पावडरसोबत बाथरूमचं अ‍ॅसिड कधीही वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू होतो.

बारीक तडे पत्र्याच्या टोकाने थोडे रुंद करून त्यात बाहेरच्या कामाचं क्रॅक फिलर भरा. पुट्टी लागलीच तर पांढऱ्या सिमेंटची, आणि फक्त खड्ड्यांपुरती. अख्खी भिंत आरशासारखी करायचा मोह होतो, पण वॉकवेच्या भिंतीवर जाड पुट्टी हा एक जास्तीचा सुटणारा थर आहे. वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा. मग प्रायमरचा एक हात, तो वाळला की पायाच्या रंगाचे दोन हात, दोन्हींच्या मध्ये निदान चार ते सहा तास.

हे काम ताशी पैसे घेणाऱ्या दोन रंगाऱ्यांना दिलं तरी हरकत नाही. मुलांचा उत्साह खरवडण्यात संपवू नका. फक्त दोन-चार जणांना त्यांच्यासोबत उभं करा, शिकतील.

तपासून बघा: पाया वाळल्यावर पुन्हा चिकटपट्टी लावून ओढा. काही निघालं तर थांबा. इथे थांबणं स्वस्त आहे.

## टप्पा ७: आराखडा भिंतीवर उतरवणं

दोन टोकांना पाण्याची लेव्हल नळी धरून समान उंचीच्या खुणा करा, मध्ये दोरी ताणून निळ्या खडूची पूड लावून सूत मारा, म्हणजे दोरी ओढून सोडा, रेष उमटते. उभ्या रेषांना ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावा. एक फुटाच्या चौकटी करा, आणि डावीकडून प्रत्येक उभ्या रांगेला क्रमांक, आडव्या रांगेला अक्षर द्या. आराखड्यावरही तेच लिहा. मग "२३-ग मध्ये पंखाचं टोक" असं बोलता येतं आणि वीस जण एकाच वेळी आखू शकतात.

प्रोजेक्टर वापरायचा असेल तर रात्री, आणि तो समोर सरळ ठेवायला जागा हवी. आठ फूट रुंदीच्या वॉकवेवर ती मिळत नाही, चित्र तिरकं पडतं. चौकटीच बऱ्या.

आखायला खडू किंवा पाण्यात पातळ केलेला फिका रंग. कोळसा पुढच्या ब्रशसोबत पसरतो आणि पिवळ्याचा शेवाळी करतो. परमनंट मार्कर तर अजिबात नको. त्याची शाई वरच्या रंगातून पुन्हा वर येते, तीन हात मारले तरी येते.

सगळं आखून झालं की जागा असेल तितकं मागे जा, मग भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेहमीच्या चालीने चाला. जे चुकलंय ते आत्ता फडक्याने पुसता येतं. नंतर प्रत्येक आकारात रंगाचा क्रमांक खडूने बारीक लिहा. हा क्रमांक विसरला की दुपारपर्यंत "दादा, इथे कुठला?" एवढंच ऐकू येतं.

## टप्पा ८: रंगवणं

माणसामागे चार फूट भिंत धरली तर एका वेळी पंधरा जण मावतात. पन्नास आले असतील तर दोन-दोन तासांच्या पाळ्या करा. बाकीच्यांना रंग भरून देणं, ब्रश धुणं, वाट अडवणं-सोडणं, फोटो, चहा ही कामं द्या, आणि पाळी बदलली की कामंही बदला. ब्रश धुणारा पोरगा आठवडाभर ब्रशच धूत राहिला तर पुढच्या वर्षी तो येत नाही.

रंग कालवणारा एकच. त्याला आम्ही बादलीवाला म्हणतो. त्या दिवसाला लागणारा एक रंग तो एकाच बादलीत, तळापर्यंत ढवळून कालवतो, आणि क्रमांक लिहिलेल्या लहान डब्यांत अर्धा-अर्धा भरून देतो. कोणीही आपल्या डब्यात "थोडं पांढरं" घालायचं नाही, पाणीही नाही. भिंतीवर फरक लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर दिसतो, आणि तोवर ती छटा पुन्हा कोणालाच जमत नाही.

क्रम: वरून खाली, मागचं आधी, पुढचं नंतर. मोठे भाग आधी रोलरने, कडा दोन इंची ब्रशने. पिवळ्या आणि लालच्या खाली पाया पांढरा किंवा फिकाच राहू द्या. पहिला हात फाटका, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. मुलं घाबरून तिथेच पुन्हा पुन्हा ब्रश फिरवतात आणि अर्धवट वाळलेला रंग उचलला जातो. लावा आणि पुढे जा, झाकायला दुसरा हात आहे.

सरळ कडेसाठी मास्किंग टेप लावला तर रंग थोडा ओला असतानाच काढा. रात्रभर ठेवला तर सकाळी टेपसोबत रंग येतो आणि उन्हात राहिला तर डिंक भिंतीवर उरतो.

सावधान: सहा फुटांच्या वर विद्यार्थ्यांनी चढायचं नाही. घोडी (उघडून उभी राहणारी शिडी) सपाट जमिनीवर, खाली एक जण धरून, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर कोणी उभं राहायचं नाही. त्याहून वर चढावं लागेल इतकी उंच भिंत असेल तर परांची आणि सराईत रंगारी. वॉकवेचा निदान चार फूट भाग व्हीलचेअर जाईल इतका मोकळा ठेवा, मध्ये दोरी बांधा, आणि "ओला रंग" असा फलक दोन्ही तोंडांना लावा. तरीही एक जण टेकतोच.

## टप्पा ९: अक्षरं

याला वेगळा टप्पा दिलाय कारण भिंतीवरची सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथे होते. मी "आर्शीवाद" असं चार-चार इंची अक्षरांत रंगवलेलं पाहिलंय, तेही मराठी विभागाच्या समोर. रफार शेजारच्या अक्षरावर गेला की गेला. मजकूर आधी कागदावर, मराठीच्या शिक्षकांची त्यावर सही, आणि भिंतीवर आखून झाल्यावर ज्याने तो कधी वाचलेला नाही अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

देवनागरीला दोन नाही, चार रेषा आखा. शिरोरेषा, अक्षराचा तळ, शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रांसाठी आणि तळाच्या खाली उकारांसाठी. सहा इंचांचं अक्षर धरलं तर वर तीन आणि खाली दोन-अडीच इंच सोडा. ही जागा न सोडल्यामुळे "मैत्री"ची मात्रा वरच्या फांदीत घुसते आणि "फूल"चा उकार खालच्या गवतात बुडतो.

आणि शिरोरेषा. आमच्या एका भिंतीवर ती अगदी लेव्हलमध्ये होती, नळी लावून तपासलेली, तरी येणारा-जाणारा प्रत्येक जण "वाकडी झालीय" म्हणायचा. भिंतीचा माथाच साठ फुटांत चार इंच उतरत होता आणि अक्षरं त्याच्या फूटभर खाली होती. डोळा लेव्हल बघत नाही, जवळची कडा बघतो. तेव्हापासून अक्षरं माथ्याजवळ असतील तर मी माथ्याला समांतर जातो, मध्यावर असतील तर लेव्हलने. आधी अक्षरं, शिरोरेषा शेवटी, एका दमात, एकाच हाताने.

## टप्पा १०: शेवटचा हात

काळी आउटलाइन सगळ्या चित्राला लागतेच असं नाही. जिथे दोन रंग एकमेकांत हरवतात तिथेच द्या. ती दोन-तीन स्थिर हातांच्या मुलांनाच द्या, इथे लोकशाही नको.

मग चार कोरडे दिवस भिंतीला हात लावू नका. त्यानंतर बाहेरच्या कामाचा, पाण्यात मिसळणारा क्लिअर कोट पातळ हाताने. आत दमटपणा राहिला असेल तर तो दुधाळ दिसतो. म्हणून आधी कोपऱ्यात फूटभर लावून एक दिवस थांबा. सुतारकामाचं वार्निश भिंतीला नको, ते पिवळं पडतं.

ब्रश धुतलेलं पाणी बागेत किंवा गटारात ओतू नका. एका पिंपात दोन दिवस साठवा, रंग तळाला बसतो. वरचं नितळ पाणी पुढच्या ब्रश धुण्याला वापरा, तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात टाका.

खाली नावं लिहायची तर सगळ्यांची, सारख्या अक्षरात, हजेरीपत्रकावरून. पाहुण्यांचं नाव मोठं आणि ब्रश धुणाऱ्याचं नाहीच, असं झालेलं मुलं विसरत नाहीत.

उरलेला प्रत्येक रंग लहान घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. वर क्रमांक, शेड नंबर आणि तारीख लिहा, बाटल्या सावलीत ठेवा आणि त्यांच्यासोबत आराखड्याची एक प्रत. किल्ली कोणाकडे आहे ते ऑफिसात सांगून ठेवा. पहिला ओरखडा गणपतीच्या सुट्टीनंतर दिसेल, बहुतेक सायकल स्टँडच्या बाजूला.